इन्क्युबेटरच्या व्यवस्थापक मॅडमना खुलं आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

नव्या कंपन्यांना सुरुवातीला जागा आणि आधार देणाऱ्या तुमच्या इन्क्युबेटरमधून आम्ही आता स्वतःच्या जागेत जातोय. निरोपाच्या वेळी कमी भाडं, मीटिंग रूम, इंटरनेट या सगळ्याबद्दल आभार मानून झाले, पण मनातलं राहून गेलं. मला ज्यासाठी आभार मानायचे आहेत, ते भाडेकरारात कुठेच नव्हतं.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा आमचा सेन्सर प्रयोगशाळेत चोख चालायचा. तलावात सोडला की काही दिवसांत त्याच्या पटलावर, म्हणजे ऑक्सिजन आत घेणाऱ्या पातळ पडद्यावर, जिवाणूंचा बुळबुळीत थर चढायचा आणि आकडे भरकटायचे. आम्ही इलेक्ट्रॉनिक्सची माणसं, त्यामुळे उत्तरही सॉफ्टवेअरमध्येच शोधत होतो. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि आम्हाला त्याच मजल्यावरच्या, कॅथेटरसाठी लेप बनवणाऱ्या कंपनीत घेऊन गेलात. शरीरात घातलेल्या नळीवर जिवाणूंचा थर जमू द्यायचा नाही, हेच तर त्यांचं रोजचं काम! ऑक्सिजन आत जाऊ देईल पण जिवाणूंना चिकटू देणार नाही असा लेप मग दोघांनी मिळून घडवला. कोण काय उघड करणार आणि पेटंटवर हक्क कोणाचा, हे पहिल्याच बैठकीत तुम्ही लिहून घ्यायला लावलंत. त्या कागदामुळेच दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलू शकल्या.

सायन्स पार्कमध्ये, म्हणजे संशोधनावर चालणाऱ्या कंपन्यांच्या वसाहतीत, गेलं की नावीन्य आपोआप येतं, असं मला वाटत नाही. ब्रिटनमधले संशोधक पॉल वेस्टहेड यांच्या १९९७च्या अभ्यासात पार्कमधल्या आणि बाहेरच्या कंपन्यांच्या संशोधनात लक्षणीय फरक आढळला नव्हता. पुढे २००३मध्ये त्यांनीच सीगल आणि राइट यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात पार्कमधल्या कंपन्यांची संशोधन-उत्पादकता थोडीशी जास्त दिसली. थोडीशीच. मला हे पटतं, कारण भिंतीला भिंत लागून असलेल्या कंपन्याही वर्षानुवर्षं एकमेकींना अनोळखी राहू शकतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५१मध्ये आपल्या जमिनीवर पार्क उभारला, तेव्हा शेजारी संशोधक आणि विद्यार्थी होतेच. तैवानचा शिन्चू पार्क १९८०मध्ये सुरू झाला, तोही दोन विद्यापीठं आणि आयटीआरआय ही संशोधन संस्था जवळ असलेल्या ठिकाणी. चिप बनवणारी टीएसएमसी ही कंपनी १९८७मध्ये तिथूनच उभी राहिली. या यशोगाथांमध्ये इमारतींचे फोटो भरपूर दिसतात. पण एका संस्थेतलं ज्ञान दुसऱ्या संस्थेत नेणारी माणसं फोटोत क्वचितच असतात, आणि माझ्या मते खरं काम त्यांचंच असतं. किती कंपन्या आल्या, किती निधी मिळाला, एवढंच वार्षिक अहवालात येतं. तुम्ही घालून दिलेल्या ओळखींना तिथे रकाना नाही. तो असायला हवा, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

आणखी एक. निधी मिळवण्यासाठी आम्ही घाईने प्रात्यक्षिक दाखवणार होतो, तेव्हा तुम्ही विचारलंत, "हा सेन्सर पूर्ण पावसाळा पाण्यात राहिलाय का?" त्या प्रश्नामुळे आम्ही थांबलो. आजचा ग्राहक आम्हाला मिळाला तो त्या पावसाळ्यातल्या नोंदी पाहूनच.

आमची चाचणीची टाकी आणि पंप तिथेच ठेवून जातोय. पाण्यावर काम करणारी नवी टीम आली तर खुशाल वापरू द्या. कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचे आकडे तपासून अचूक करणं, कसं करायचं ते शिकवायला मी येईन.

आपला कृतज्ञ,
तुमच्या इन्क्युबेटरमधला एक संस्थापक