हिरवा दिवा लागलाय म्हणजे सगळं ठीक असं नाही

संपादक महोदय,

पियानोची निगा कशी राखायची यावरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, छान होता, पण ह्युमिडिटी कंट्रोल सिस्टीमचा (पियानोच्या आतली आर्द्रता सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) विषय "एकदा बसवून घ्या, मग बघायला नको" असा एका वाक्यात उरकलाय ते काही पटलं नाही. बघायला नको तर मग पट्ट्यांच्या खाली ते तीन छोटे दिवे काय शोभेला दिलेत?

डॅम्प-चेसर कंपनीच्या सिस्टीमवर हिरवा म्हणजे वीज येतेय, पिवळा लुकलुकला की टाकीत पाणी घाला, लाल लुकलुकला की टाकीतलं पाणी शोषून वर घेणारं पॅड बदला. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण लोक हिरव्यावर फसतात. तो फक्त प्लगपर्यंतची खबर देतो, लाकडाभोवतीची हवा कशी आहे त्याचा त्याच्याशी संबंध नाही. ते काम ह्युमिडिस्टॅटचं, म्हणजे आर्द्रता ओळखून चालू-बंद करणाऱ्या स्विचचं. तो आर्द्रता साधारण ४२ ते ४५ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवायला बघतो, म्हणजे हवा दमट झाली की हीटरची दांडी चालू, कोरडी झाली की दांडी बंद आणि टाकीतलं पाणी पॅडमधून वर चढून हळूहळू हवेत मिसळतं. म्हणून दमट दिवसांत पिवळा कित्येक आठवडे लागतच नाही, लगेच बिघडलंय म्हणून मेकॅनिक बोलवू नका.

उलट टाकी कोरडी पडली तरी हिरवा मजेत चालूच असतो, आणि पिवळा डोळ्यात खुपतो म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणारे महाभाग पण आहेत! लाल दिव्याचं तर आणखीनच. पाण्यातले क्षार पॅडवर साचतात, पॅड पांढरं पडून खडूसारखं कडक होतं आणि पाणी वर खेचतच नाही. टाकी भरलेली, त्यामुळे पिवळा गप्प, आणि साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) मात्र सुकतोय. पाण्यात घालायचं जे लिक्विड मिळतं ते याचसाठी असतं, ते वाचवण्यात काही अर्थ नाही.

वीज वाचवायला रात्री स्विच बंद करणं हे त्याहून वाईट. साउंडबोर्ड पातळ लाकडाचा, दमट हवेत फुगून तारांना वर रेटतो, सूर चढतो, कोरड्यात बसतो, सूर उतरतो, आणि तेही सगळीकडे सारखं नाही, मधल्या सप्तकांत जास्त जाणवतं. हे रोज मागेपुढे होत राहिलं तर ट्युनर बिचारा काय करणार? सिस्टीम चोवीस तास चालूच ठेवायची असते. तरी एसीचा झोत थेट पियानोवर येत असेल तर ती पण पुरी पडत नाही, आधी पियानोची जागा बदला.

शाळा आणि हॉलमधल्या पियानोंचे हाल विचारू नका. कुणीतरी मोबाईल चार्ज करायला प्लग काढतो, परत लावायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि पाणी घालणं हे कुणाचंच काम नसतं. तिथे एका माणसाच्या नावावर हे काम टाकायला हवं, आणि ट्युनरने पण ट्युनिंग झाल्यावर हत्यारांची पेटी उचलून निघण्याआधी त्या माणसाला दिव्यांपाशी नेऊन दाखवावं.

पुढच्या वेळी लेखाशेजारी तीन दिव्यांची छोटी चौकट छापता आली तर बघा.

आपला,
एक वाचक