तूच तो समोर बसणारा

प्रिय दिलीप,

भाऊंच्या प्रचाराची सगळी सूत्रं तुझ्याकडे आल्याचं कळलं. अभिनंदन करावं की नाही, यात चार दिवस गेले. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

पाय अजून प्लास्टरमध्येच आहे. रात्री झोप येत नाही म्हणून भाचीने मोबाईलवर अमेरिकेचा तेव्हाचा अध्यक्ष निक्सन याच्या टेप लावून दिल्या. त्या गड्याने फेब्रुवारी १९७१ मध्ये आपल्याच कार्यालयात माईक बसवून घेतले, पाच टेबलात आणि दोन शेकोटीपाशी. कुणी बोललं की यंत्र आपोआप चालू. १९७३ च्या जुलैपर्यंत सुमारे ३,७०० तास भरले. टेबलावर कुणी कप ठेवला की कानात हातोडा बसल्यासारखं होतं आणि नेमकं हवं ते वाक्य त्यात जातं. पहिल्या रात्री वैतागलो होतो, आता सवय झालीय.

मी निक्सनपेक्षा त्याच्या समोर बसणाऱ्याकडेच कान लावतो. बॉब हाल्डमन, त्याच्या कार्यालयाचा मुख्य कारभारी. मूळचा जाहिरात कंपनीतला, बारीक कापलेले केस, हातात पिवळं पॅड. यंत्र चालू आहे हे ठाऊक असलेल्या मोजक्या लोकांत तोही होता. तरी बोलतात कसे, तर ओट्यावर गप्पा मारल्यासारखे.

विषय एकच, १९७२ ची अध्यक्षपदाची निवडणूक. निक्सन १९६० ला केनेडीकडून लाखभर मतांनी हरलेला, १९६८ ला कसाबसा जिंकलेला. त्यात १९७१ मध्ये मतदार चाचण्यांत विरोधी पक्षाचा मस्की कधी बरोबरीला, कधी पुढे. दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताकच काय, पाणीसुद्धा फुंकत होता. चीनला जायचं तरी टीव्हीवर कसं दिसेल, याचा खल. (इंदिराबाईंची भेट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ नोव्हेंबर १९७१ ला, त्यांच्याबद्दल आपला सल्लागार किसिंजरसोबत निक्सनने जी भाषा वापरली, तेव्हाही हाल्डमन खोलीत होता. ते छापून आलं तेव्हा तू पेपर भिरकावला होतास.)

१९७१ च्याच जुलैत बेरोजगारीचा आकडा घसरला. सरकारच्याच कामगार सांख्यिकी खात्यातला एक अधिकारी पत्रकारांना म्हणाला, ही आकडेमोडीतली गफलत असू शकते. निक्सन भडकला. त्या खात्यात ज्यू किती आहेत, मोजा म्हणाला. हाल्डमनने ते काम खाली सोपवलं आणि यादी खरंच तयार झाली. दिलीप, मी ते थांबवून पुन्हा लावलं. त्याच उन्हाळ्यात ब्रुकिंग्ज या धोरण अभ्यासणाऱ्या संस्थेची तिजोरी फोडून कागद आणा असाही हुकूम सुटला होता. तो कुणी अमलात आणला नाही. म्हणजे साहेबाचं सगळंच होतं असं नाही. काही शब्द हवेत विरतात, काही पॅडवर उतरतात.

मग १७ जून १९७२. वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत घुसलेले पाच जण पकडले गेले, त्यातला एक निक्सनच्या निवडणूक समितीचाच सुरक्षा सांभाळणारा. सहा दिवसांनी, २३ जूनच्या सकाळी, हाल्डमन सांगतो की तपास करणारी एफबीआय पैशांच्या मागावर आहे, गुप्तहेर खात्याकडून, म्हणजे सीआयएकडून, त्यांना 'यात पडू नका' असं सांगायला लावूया. निक्सन होकार देतो. आवाज चढत नाही, कुणी दबक्या सुरात बोलत नाही. त्याच बैठकीत हाल्डमन इटलीच्या लिरा या चलनाचा विषय काढतो आणि निक्सन म्हणतो, लिरा गेली खड्ड्यात. टपालातलं एक पत्र बाजूला सारून दुसरं उघडावं, तसं.

नोव्हेंबरात त्याने ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, जवळजवळ १ कोटी ८० लाखांच्या मताधिक्याने. २३ जूनची ती टेप ऑगस्ट १९७४ मध्ये बाहेर आली आणि चार दिवसांत राजीनामा. हाल्डमन तुरुंगात गेला.

तू म्हणशील, कुठे अमेरिका आणि कुठे आपली नगरपालिका. पण आपल्या पतसंस्थेची निवडणूक आठव. चेअरमन पान लावता लावता म्हणाले, "त्या मास्तरांचं जरा बघा." एवढंच. आपण दोघं म्हणालो, "बघतो." मास्तरांच्या भावाच्या कर्जाला ते जामीन होते, त्या थकबाकीचा कागद तू काढून आणलास, हरकत मी टाइप केली. छाननीत अर्ज बाद. तू बाहेर येऊन टाळी दिलीस, मीही घेतली. आणि मतमोजणीला काय दिसलं? आपलं पॅनल शेवटच्या माणसासकट दुप्पट मतांनी आलं. मास्तर उभे असते तरी एका जागेलाही धक्का नव्हता.

भाऊही पान खातात, मला माहीत आहे. रात्री अकरानंतर तुम्ही दोघंच असाल आणि ते काहीतरी अर्धवट बोलतील. तेव्हा निदान एवढं विचार, "म्हणजे नक्की काय करू?" चिडतील. चिडू देत.

मास्तर परवा पाय बघायला आले होते, काठी टेकत, दोन जिने चढून. पेरू आणले होते, बागेतले. तुझी चौकशी केली. भाऊंचं काम घेतलंयस, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तुझा,
विनू