बाय, कार्ड घे, पण आधी हे वाच

बाय गो,

काल फोनवर तू म्हणालीस की पगाराच्या बँकेने क्रेडिट कार्ड देऊ केलंय, साठ हजारांचं लिमिट, घेऊ की नको, आणि मी गप्प बसलो म्हणून तुला वाटलं असेल पपाला आवडलं नाही. तसं नाही गो. फोनवर एवढं सगळं बोलता आलं नसतं म्हणून लिहितोय, जरा मोठं होईल.

कार्ड घे, माझं उत्तर हेच आहे. पण मी असं का म्हणतो ते तुला कळायला पाहिजे, कारण २०१२ ची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे, तू तेव्हा तिसरीत होतीस. आपला ट्रक गोव्यातल्या पाळीच्या लोहखनिजाच्या खाणीवरून आमोण्याच्या जेटीवर ट्रिपा मारायचा, पावसात उभाच असायचा, चवथ (गणेश चतुर्थी) झाली की सीझन सुरू असा दरवर्षीचा हिशेब. त्या वर्षी चवथीच्या तोंडावरच खाणी बंद झाल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला आणि ट्रक अंगणात उभा तो उभाच राहिला. ट्रकच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतच होता. आईच्या पाटल्या गेल्या त्यात काही महिने निघाले, पुढे रखडत रखडत २०१५ ला ट्रक पडेल भावात विकला आणि फायनान्सवाल्यांशी सेटलमेंट केली, थोडे पैसे त्यांनी सोडले, सह्या झाल्या, मला वाटलं सुटलो.

सुटलो नव्हतो. २०२१ ला तुझ्या इंजिनीअरिंगच्या लोनसाठी गेलो तेव्हा मॅनेजरने स्क्रीन माझ्याकडे वळवली, सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीवरून दिलेला पतीचा आकडा, ५९० आणि त्या जुन्या खात्यासमोर 'सेटल्ड' लिहिलेलं, म्हणजे कर्ज पूर्ण फेडलेलं नाही, थोडक्यात मिटवलंय. शेवटी मामाने सही केली म्हणून लोन झालं. मामाचे उपकार मी विसरणार नाही, पण स्वतःच्या मुलीच्या शिक्षणासाठी दुसऱ्याची सही लागली हे मला फार लागलं, अजून लागतं.

तुझे आजोबा पसरकाराकडे, म्हणजे किराणा दुकानदाराकडे, वही ठेवायचे, तांदूळ-साखर सगळं वहीवर, आणि भात झोडून झालं की स्वतः जाऊन पै न पै चुकती करायचे, म्हणून अडीनडीला त्यांना कोणी नाही म्हटलं नाही. पण ती पत गावापुरती होती. तिकडे पुण्यात तुला ओळखतो कोण? उद्या घरासाठी नाहीतर गाडीसाठी लोन मागशील तेव्हा बँक तोच ३०० ते ९०० मधला आकडा बघणार, साधारण ७५० च्या वर असेल तर बोलणं सोपं होतं. आणि ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याचा तर स्कोअरच तयार होत नाही, माणूस कितीही सरळ असला तरी बँकेला ते दिसायचं कसं? म्हणून कार्ड. आपण तसाही करणार तोच खर्च, पेट्रोल, किराणा, मोबाईलचं बिल, तो कार्डावर करायचा आणि वेळेत पूर्ण भरायचा, एक रुपया व्याज न देता तुझी पत तयार होते.

मी हे स्वतः करून बघितलंय. २०२१ लाच २५ हजारांची एफडी ठेवून तिच्यावर कार्ड काढलं, जुना रेकॉर्ड खराब असला तरी एफडीवर कार्ड मिळू शकतं, लिमिट २० हजार. पेट्रोल आणि लाईट बिल एवढंच त्यावर, दर महिन्याला पूर्ण भरणा. हळूहळू चढत स्कोअर गेल्या वर्षी ७४८ झाला, त्या दिवशी मी आईला उठवून दाखवला.

आता नीट लक्ष दे. समज बिल ५ तारखेला बनतं आणि भरायची शेवटची तारीख २३, तर ६ तारखेला घेतलेली वस्तू पुढच्या महिन्याच्या ५ च्या बिलात येते आणि पैसे २३ ला द्यायचे, म्हणजे जवळजवळ ४८ दिवस बिनव्याजी. हे फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याला. बिलावर 'मिनिमम ड्यू' म्हणून एक छोटा आकडा असतो, २० हजारांच्या बिलाला हजारभर, तो बघून फसू नकोस. तेवढाच भरलास तर उरलेल्या १९ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी साडेसहाशेच्या वर व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि वर नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज. माझ्या ओळखीतले दोघे-तिघे ह्यातच अडकलेत, चांगली कमावती पोरं. एटीएममधून कार्डावर कॅश तर अजिबात काढू नकोस, तिथे फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून.

साठ हजार लिमिट म्हणजे साठ हजार खर्चायला मिळाले असं नाही, अठरा-वीस हजारांच्या आत राहा, सतत लिमिट भरत आलेलं दिसलं तरी स्कोअर पडतो. पॉइंट मिळतात म्हणून काही विकत घेऊ नकोस. आणि रुपे कार्ड मिळत असेल तर तेच माग, ते यूपीआयला जोडता येतं, दुकानात क्यूआर स्कॅन करून चालतं.

अजून एक, तू न केलेल्या खर्चाचा मेसेज आला तर त्याच क्षणी बँकेला कळव आणि १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन कर. डेबिट कार्डावर असं झालं तर आपल्या खात्यातले पैसे जातात मग भांडत बसायचं, क्रेडिट कार्डावर निदान पगार तरी हलत नाही. तरीही कळवायला उशीर करू नकोस, बाहेरच्या कोणी केलेली चोरी असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ग्राहकावर बोजा येत नाही.

कार्ड हातात आलं की पहिलं काम ऑटो डेबिट, म्हणजे बिल खात्यातून आपोआप भरलं जाईल असं सेटिंग, आणि तिथे 'टोटल अमाउंट ड्यू' निवड, 'मिनिमम' नको. त्या सेटिंगचा स्क्रीनशॉट मला पाठव, पहिलं बिल यायच्या आधी. रात्री अकरा वाजता पाठवलास तरी चालेल, मी जागा असतो.

तुझे पपा