मल्टिटूल निवडताना खारा वारा विसरू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत समुद्रकिनारी तंबू ठोकून राहणाऱ्यांसाठी आपल्या दैनिकात आलेला साहित्यखरेदीचा लेख वाचला. खिशात मावणारे मल्टिटूल, म्हणजे पक्कड, चाकू, करवत वगैरे एकात दुमडून ठेवलेले हत्यार, निवडताना 'एकात किती हत्यारे' एवढेच पाहायला त्यात सांगितले आहे. गेली 12 वर्षे मी गुहागरच्या बाजूला शाळकरी मुलांची शिबिरे घेतो. त्या अनुभवावरून कळकळीने सांगतो, की कोकणपट्टीत हा हिशेब चालत नाही; इथे आधी विचार करायचा तो खाऱ्या हवेचा.

'स्टेनलेस' या शब्दावर आपण फार विसंबतो. पोलादात निदान 10.5 टक्के क्रोमियम असले, की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तो गंज थोपवतो; पण मिठातले क्लोराइड नेमका हाच थर फोडते. शिवाय पाते कठीण व्हावे, धार टिकावी, म्हणून त्यात कार्बन जास्त ठेवावा लागतो आणि हा कार्बन थोडे क्रोमियम बांधून ठेवतो. त्यामुळे जेवणाच्या चमच्याला वर्षानुवर्षे काही होत नाही, पण चाकूच्या पात्यावर एका पावसाळ्यात ठिपके उठतात. त्याहून वाईट अवस्था बिजागरीची होते, कारण त्या फटीत शिरलेले खारे पाणी लवकर वाळत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी स्वतः 18 हत्यारांचे एक स्वस्त मल्टिटूल घेतले होते. मे महिन्यातल्या शिबिरात ते ओल्या वाळूत पडले. मी पंच्याने पुसून खिशात टाकले आणि घरी आल्यावर कपाटात ठेवले. गणपतीच्या सुमारास काढले तर वरून लखलखीत, पण पक्कड काही उघडेना. खोबरेल सोडून दोन्ही हातांनी ताणल्यावर ती करकरत उघडली आणि तळहातावर तांबूस तेलाचा ओघळ व वाळूचे चार कण आले. खोबरेल घालणे हीही चूकच होती, कारण ते 24 अंशांच्या आसपास थिजू लागते आणि वाळू धरून ठेवते. शिलाई मशीनचे पातळ तेल घालावे, तेही हत्यार गोड्या पाण्यात सगळी पाती उघडून धुतल्यावर आणि पूर्ण वाळवल्यावर. म्हणून हत्यारे कमी असली तरी चालतील, पण प्रत्येकाच्या बुडाशी पाणी आणि जुना टूथब्रश पोचेल अशीच रचना घ्यावी.

हत्यारांमध्ये माझ्या मते पहिला मान पकडीचा. मल्टिटूल बनवणारे अमेरिकेचे टिम लेदरमन 1975 साली जुन्या मोटारीतून युरोप फिरत होते. जवळच्या खिशातल्या चाकूला पक्कड नाही, ही अडचण त्यांना वारंवार जाणवली आणि त्यातून 1983 साली त्यांचे पहिले मल्टिटूल बाजारात आले. शिबिरातही तोच अनुभव येतो. ओली होऊन आवळलेली नायलॉनची गाठ सोडवणे, वाकलेली खुंटी सरळ करणे, चुलीवरचे कान नसलेले पातेले उतरवणे, ही सगळी कामे पकडीची आहेत. साध्या स्विस चाकूत ती नसते; फळे चिरायला आणि डबा फोडायला मात्र तो उत्तम.

दुसरी अट खटक्याची. पाते उघडल्यावर खटक्याने पक्के अडकलेच पाहिजे. खटका नसलेल्या चाकूने शहाळे फोडायला गेलेल्या एका मुलाचे पाते सालीच्या सोडणात रुतले, मूठ वळली आणि पाते त्याच्या तर्जनीवर मिटले. तीन टाके पडले. शहाळे हे कोयतीचे काम आहे आणि ते आपल्याकडे कमरेला कोयती अडकवायची आकडी बांधणाऱ्या माणसावरच सोडावे. खटका असला तरीही.

करवत असली तर बरी, पण तिच्याने सुरूच्या बनातली खाली पडलेली वाळकी फांदीच कापावी. चामड्याच्या म्यानाला पावसाळ्यात बुरशी येते, तेव्हा नायलॉनचे घ्यावे. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून जाणाऱ्यांनी हे हत्यार हातातल्या बॅगेत न ठेवता सामानात द्यावे.

आपल्या लेखकांना विनंती आहे, की पुढच्या लेखात किनाऱ्यावरून परतल्यावर हत्यार कसे धुवावे आणि कशाने पुसावे, याची माहिती खरेदीच्या यादीआधी छापावी.

आपला नियमित वाचक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी