पन्नासच्या पन्नास गोळ्या

पुणे, रविवार

प्रिय सुमे,

दिवाळीनंतर तुला एक ओळ नाही की फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येती ठीक. माझं थायरॉइड आहे तिथेच, आणि ह्यांची शुगर किती ते हे सांगत नाहीत. झालं.

गेल्या गुरुवारी आपल्या टोळक्याने पेंटबॉल खेळला, म्हणजे रंगाच्या गोळ्यांची लुटुपुटूची लढाई. हस पोटभर. मंदीच्या पन्नाशीचं खूळ. "केक कापून कंटाळा आला, यंदा कुणाला तरी गोळ्या घालू या," म्हणाली. कामशेतजवळ एका माळावर टायर, पिंपं, गवताचे भारे रचून रणांगण केलंय. आम्ही आठजणी. सोळा गुडघे, त्यातले धड सहा.

तिथला पोरगा बजावत होता, "मावशी, बंदूक नाही म्हणायचं, मार्कर म्हणायचं." मूळचं ते झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायचं साधन. वैशी म्हणाली, "मग बरोबर जागी आलोय." गोळी बोराएवढी, आत पाण्याने धुऊन जाणारा रंग, वर जिलेटिनचं कवच. जिलेटिन ऐकल्यावर मंदी थबकली, तिचा गुरुवार होता ना. "खायची नाहीये गं," म्हणून समजावलं, तर पहिल्याच डावात गोळी मास्कवर फुटली आणि रंग जाळीतून थेट तिच्या तोंडात. कडू होता म्हणे. उपास मोडला की नाही, यावर तळेगाव येईपर्यंत भांडण.

लागतं मात्र सणसणीत. सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास वेग. वैशीच्या मांडीवर टपोऱ्या जांभळासारखा डाग उठलाय, नवऱ्याला काय सांगू म्हणून हसतेय. मैदानात मास्क काढायचा नाही म्हणजे नाही. काचेवर वाफ धरते, आणि आपलाच श्वास कुणी दुसरं मागे उभं असल्यासारखा ऐकू येतो.

शेवटच्या डावात मी शिट्टी होताच एका निळ्या पिंपामागे बसले. पाच मिनिटांनी उठू म्हटलं. चार हातांवरच्या टायरांमागून मंदी ओरडत होती, "अगं ऊठ, तिकडून झाड गोळ्या, मी पुढे जाते!" मला ऐकू येत होतं, सुमे. नीट येत होतं. मी नाही उठले. ती एकटीच पळाली, पाठीत दोन गोळ्या खाल्ल्या आणि हात वर करून बाहेर गेली. मग बाकीच्या दोघी गेल्या. समोरच्यांच्या गोळ्या संपल्या, वेळ संपली, आणि आख्ख्या मैदानात अंगावर रंगाचा ठिपका नाही अशी मी एकटी. पोराने माझी डबी उघडून पाहिली. पन्नासच्या पन्नास गोळ्या. "मावशी, एकपण नाही मारली?" टाळ्या काय, फोटो काय. मंदीनेच मिठी मारली, "छुपी रुस्तम!"

रात्री भाच्याने आणखी भर घातली. हा खेळ पहिल्यांदा १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात बाराजण खेळले, आणि जो जिंकला त्यानेही एकही गोळी झाडली नव्हती. "मावशी, तू त्याच परंपरेतली." मी हसले. पण तो गडी जंगलात वावरलेला. कुणाला दिसू न देता हिंडला आणि डावासाठी जंगलात लावलेले सगळे झेंडे गोळा करून आला. मी बूड हलवलं नाही.

त्या रात्रीपासून झोप नाही, आणि पिंपाशी त्याचा संबंध नाही. तुला कळलंच असेल. कोल्हापूर, हॉस्टेलची मागची भिंत, रात्रीचा शो. मी आधी उडी मारली, तुझी चप्पल अडकली. बॅटरीचा उजेड आला. "मी खोलीत पोचले होते, मला सकाळी कळलं," हे मी तुला किती वर्षं सांगत आलेय? तुझ्या लग्नात तर सगळ्यांना हसवत सांगितलं.

मी खोलीत नव्हते. पाण्याच्या टाकीमागे होते. बाईंनी विचारलं, "एकटीच गेली होतीस?" तू "हो" म्हणालीस. तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही, तेही मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी तुझे अण्णा एसटीने आले आणि तुझी वळकटी उचलून गेले. तू वर्षभर आत्याकडून दोन बस बदलून कॉलेजला येत राहिलीस, आणि मी तुझ्याशी भांडत राहिले कशावरून, तर अबोली साडीवरून! (ती साडी तुझ्याचकडे आहे, हे मी अजूनही म्हणणार. तो विषय वेगळा.)

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, एकोणीस वर्षांची पोर होतीस, सोडून दे. परवा मी एकोणीसची नव्हते ना. आणि समोर बाई नव्हत्या, रंगाच्या गोळ्या होत्या.

रोहनला नोकरी लागल्याचं वैशीकडून कळलं, फार बरं वाटलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं उरकलं का? नागपुरात उन्हाचं सांभाळ.

एवढंच कळव, त्या रात्री बाईंना "हो" म्हणण्याआधी तू टाकीकडे पाहिलं होतंस का? मला अंधारात तसं वाटलं होतं. फोन करू नकोस, फोनवर मी हसून उडवून लावीन. लिही.

तुझी,
नंदी