‘प्रयोगशाळेत सिद्ध’ म्हणजे नेमकं कशावर?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘हळदीचा अर्क मेंदूच्या पेशी वाचवतो’ असं कुठे छापून आलं की दुसऱ्या दिवशी माझ्या औषधाच्या दुकानात कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या, गोळ्यांची विचारणा सुरू होते. परवा एक काकू आल्या. काका विसरायला लागलेत, मुलानं जाहिरात पाठवलेली. डबीवर मेंदूचं चित्र ठळक. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ मात्र बारीक इंग्रजीत. काकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, हे मलाच खोदून विचारावं लागलं. काकूंचं म्हणणं, ‘‘हळदच तर आहे, रोज आमटीत घालतोच की!’’

आमटीतली चिमूट वेगळी हो. हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के; एका गोळीत ५०० मिलिग्रॅम, वर मिऱ्यातलं पिपरिन. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की पिपरिनमुळे कर्क्युमिन रक्तात वीसपट उतरतं. पण तेच पिपरिन दुसऱ्या औषधांचा शरीरातून होणारा निचराही मंदावू शकतं. ते डबीवर कोण छापणार?

मूळ विज्ञान खोटं नाही. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, प्राणवायू मात्र तो २० टक्के घेतो. शिवाय पेशींचं आवरण स्निग्ध, त्यामुळे ऑक्सिडेशनचा, म्हणजे प्राणवायूमुळे होणाऱ्या झिजेचा, मार लवकर बसतो. हाच मार देण्यासाठी प्रयोगात बशीतल्या पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात. आधी अर्क पाजलेल्या पेशी जास्त तगल्या, की झाली बातमी. त्या पेशी पुष्कळदा उंदराच्या नाहीतर माणसाच्या गाठीतून वाढवलेल्या असतात. बशीत ना पचन, ना यकृत, ना रक्तातून मेंदूत काय शिरावं हे ठरवणारा दारावरचा पहारा.

माणसांवर काय झालं? अमेरिकेत ३,०६९ वृद्धांना गिंको या झाडाच्या पानांचा अर्क किंवा नुसती बिनऔषधी गोळी वर्षानुवर्षं देऊन पाहिली. २००८ च्या निष्कर्षानुसार स्मृतिभ्रंश काही टळला नाही. अल्झायमरच्या रुग्णांवर कर्क्युमिनची २४ आठवड्यांची छोटी चाचणी झाली, तिचा २०१२ चा निकालही निराशाजनकच. स्मृतिभ्रंश नसलेल्या ४० जणांच्या २०१८ मधल्या चाचणीत स्मरणशक्ती थोडी सुधारली, पण ४० जणांवर काय ठरवणार?

हळदीला भाव मिळावा असं आम्हा सांगलीकरांना वाटणारच. माझी विनंती एवढीच, की अशी बातमी देताना प्रयोग बशीत झाला, उंदरावर की माणसावर, हे मथळ्यातच द्यावं. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, ही ओळ चौकटीत.

– एक औषधविक्रेती, सांगली