वारसनोंद हेही समाजकार्यच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याच्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेवर 2025 पासून बरेच छापून आले. त्यातला सूर असा की हे काम सरकारचे, तलाठ्याचे आणि फार तर त्या वारसांचे. बाकीच्यांनी त्यात पडायचे कारण नाही. मी तलाठी म्हणून रुजू झाले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सध्या लेकीकडे अमेरिकेत, फिलाडेल्फियात आहे. इथे एका धर्ममंडळीने नेमके हेच काम स्वतःच्या पैशाने अंगावर घेतले आहे. ते आपल्या वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

मंडळी क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. नाव ग्रीन स्ट्रीट फ्रेंड्स मीटिंग, ठिकाण शहराच्या वायव्येकडचे जर्मनटाउन. इथली वस्ती बहुतांशी कृष्णवर्णीयांची. या मंडळीने दरवर्षी 50 हजार डॉलर, अशी 10 वर्षे, म्हणजे एकूण 5 लाख डॉलर परिसरातल्या कृष्णवर्णीय रहिवाशांसाठी द्यायचे ठरवले, आणि ते दान म्हणून नव्हे, भरपाई म्हणून. पैसा पहिल्यांदा कशावर लागला? अन्नछत्रावर नाही, वह्यावाटपावर नाही. घराच्या कागदपत्रांसाठी मोफत वकील मिळवून देण्यावर! मृत्युपत्र करून देणे आणि मेलेल्या माणसाच्या नावावर अडकलेले घर राहत्या माणसाच्या नावावर करून देणे, हे ते काम.

हे दुखणे आपल्याला नवे नाही. आजी वारली, नातू त्याच घरात वाढला, घराचा कर तोच भरतो, गळके छप्पर तोच सांधतो. पण खरेदीखतावर नाव आजीचेच. प्यू या संस्थेने 2021 मध्ये मोजणी केली तेव्हा फिलाडेल्फियात अशी 10,407 घरे निघाली, किंमत एक अब्ज डॉलरहून जास्त. प्रमाण कृष्णवर्णीय वस्त्यांत अधिक. नाव नसेल तर घरावर कर्ज मिळत नाही, दुरुस्तीचे सरकारी अनुदान मिळवताना अडते, विमा उतरवताना अडते. कोणी खोट्या सह्या करून घर परस्पर विकले तर तक्रार करणाऱ्याला आधी आपण मालक असल्याचे शाबीत करावे लागते. इथे सातबारा नाही, फेरफार नाही. पण रजिस्टर ऑफ विल्सच्या, म्हणजे मृत्युपत्रे आणि वारसांची कामे पाहणाऱ्या कचेरीत वारसांना घालावे लागणारे हेलपाटे ऐकले की आपला तालुका आठवतो.

यात धर्ममंडळीचा काय संबंध, असे मीही लेकीला विचारले. त्याचे उत्तर जुन्या दप्तरात आहे. 1688 मध्ये याच जर्मनटाउनमधल्या चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी अर्ज केला. अर्ज क्वेकरांच्या मासिक सभेत गेला. विषय फार मोठा म्हणून तिने तो तिमाही सभेकडे पाठवला, तिने वार्षिक सभेकडे, आणि वार्षिक सभेने निर्णय न देता ठेवून दिला. ‘वरिष्ठांकडे सादर’ असा शेरा मारण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे हे वाचून मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. तो कागद पुन्हा हाती लागला 1844 मध्ये. गुलाम बाळगायला इथल्या क्वेकरांना पंथाची बंदी झाली ती मात्र 1776 मध्ये, अर्जानंतर 88 वर्षांनी. पेनसिल्व्हेनिया, म्हणजे इथले राज्य, वसवणारा विल्यम पेन क्वेकर होता, आणि त्याच्याकडेही गुलाम होते. पुढे 1930 च्या दशकात सरकारी नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या आणि तिथे घरकर्ज मिळणे मुश्कील झाले. एवढ्यातून ज्यांनी घर केले, त्यांचे घर कागदाअभावी जाऊ नये, हा या कामामागचा हिशेब मला पटला.

क्वेकर गुलामगिरीविरुद्ध लढले, हा इतिहास इथे शाळेत शिकवतात. तो खराच आहे. पण आपल्या पूर्वजांनी अर्ज दाबून ठेवला होता हेही तेच लोक सांगतात, आणि सांगून पैसे काढतात, याचे मला अधिक कौतुक वाटते. रक्कम मात्र तोकडी आहे. दहा हजारांवर घरांपुढे वर्षाला 50 हजार डॉलर कुठवर पुरणार? हे काम शेवटी शहराच्याच गळ्यात पडायला हवे.

आपल्याकडे देवस्थानांचे ट्रस्ट आणि गणेश मंडळे रक्तदान शिबिरे घेतात, रुग्णवाहिका देतात. चांगलेच आहे. पण वारसनोंदीचे शिबिर एखाद्या देवस्थानाने घेतल्याचे माझ्या नोकरीत मी पाहिले नाही. गरज मात्र गावोगाव आहे. विधवेचे नाव वगळून परस्पर दिरांची नावे लावायचा प्रयत्न होतो. बहिणींना रक्षाबंधनाला बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. अशा बायांना कागद वाचून दाखवणारा माणूस लागतो, मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र करून देणारा लागतो. वाद असेल तर वकील लागतो.

परत आल्यावर मी आमच्या ग्रामदैवताच्या ट्रस्टकडे तसा अर्ज देणार आहे. आठवड्यातून एक दिवस सभामंडपात टेबल टाकून बसायची माझी तयारी आहे, मानधन नको. माझ्यासारखे निवृत्त तलाठी प्रत्येक तालुक्यात आहेत, फेरफार त्यांना तोंडपाठ असतो. ट्रस्टने वकिलाची फी, झेरॉक्स आणि मुंबईहून सहीला येणाऱ्या बहिणीचे एसटीभाडे एवढा खर्च उचलावा.

आपली नम्र,
एक निवृत्त मंडळ अधिकारी, जि. सांगली
(सध्या मुक्काम फिलाडेल्फिया)